व्हेझलेचे चर्च गॉथिक नव्हे, आणि छायाचित्रातले शिल्प बाराव्या शतकातले नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या व्हेझले गावावर प्रवासलेख आला. टेकडीवरचे गाव, उतारावरच्या द्राक्षबागा, चढणीचा रस्ता हे सगळे छान उतरले आहे. मात्र तिथल्या मेरी मॅग्डलीनच्या (ख्रिस्ताच्या शिष्येच्या) चर्चला लेखात ‘गॉथिक शैलीचा अप्रतिम नमुना’ म्हटले आहे, ते ‘नऊशे वर्षे जसेच्या तसे उभे’ असल्याचे लिहिले आहे आणि दर्शनी दाराच्या छायाचित्राखाली ‘बाराव्या शतकातील शिल्प’ अशी ओळ आहे. यातले काहीच बरोबर नाही. उन्हाळ्यात फ्रान्सला जाणारे अनेक मराठी पर्यटक असले लेख कापून जवळ ठेवतात, म्हणून हा खुलासा. थोडा लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी शैलीचे बघू. मुंबईकरांच्या डोळ्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि विद्यापीठाच्या इमारतींची सवय असल्यामुळे दगडी, जुने आणि युरोपीय दिसले की ‘गॉथिक’ हाच शब्द तोंडी येतो. मुंबईतल्या त्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे गॉथिकच्या पुनरुज्जीवनाच्या काळातल्या आहेत. व्हेझलेच्या चर्चचा मुख्य लांबट भाग, ज्याला नेव्ह म्हणतात, तो अंदाजे ११२० ते ११४० या वर्षांत बांधला गेला आणि तो रोमनेस्क आहे. रोमनांसारखी अर्धगोल कमान, जाड भिंत आणि दगडी छत ही या शैलीची ओळख. हे नावही त्या काळचे नाही, एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते दिले. वेदीकडचा भाग, म्हणजे कॉयर, मात्र खरोखर गॉथिक आहे. ११६५ च्या आगीनंतर, बाराव्या शतकाच्या अखेरीस तो नव्याने उभारायला घेतला. नेव्हमध्ये मधोमध उभे राहून समोर पाहिले की अर्धगोल कमानींच्या रांगेपलीकडे उजळ, उंच, टोकदार कमानींचा भाग दिसतो. एकाच छपराखाली दोन शैली, मध्ये जेमतेम दोन पिढ्यांचे अंतर. लेखकाने बहुधा कॉयरकडे पाहून अख्ख्या चर्चला नाव देऊन टाकले.

‘टोकदार कमान म्हणजे गॉथिक’ हा ठोकताळाही इथे चालत नाही. नेव्हच्या आधी जो बंदिस्त मंडप लागतो त्याला नार्थेक्स म्हणतात. देवळाच्या सभामंडपाआधी अर्धमंडप असतो तशीच ही जागा, फक्त आकाराने फार मोठी. तिच्यातल्या कमानी किंचित टोकदार आहेत, तरीही ती रोमनेस्कच. बर्गंडीतल्याच क्लुनीच्या मठात १०८८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चर्चमध्ये आणि ओतांच्या चर्चमध्येही टोकदार कमानी होत्या. व्हेझलेच्या नेव्हच्या सूत्रधाराला, म्हणजे मुख्य स्थपतीला, त्या ठाऊक नसतील हे संभवत नाही. तरी त्याने अर्धगोलच निवडला. अर्धगोल कमान टोकदार कमानीपेक्षा भिंतीला जास्त बाहेर रेटते, आणि इथूनच या इमारतीचे दुखणे सुरू होते.

इतिहास थोडक्यात असा. इथला मठ नवव्या शतकातला. अकराव्या शतकात मठाने जाहीर केले की मेरी मॅग्डलीनच्या अस्थी आपल्याकडे आहेत. यात्रेकरूंची रीघ लागली. स्पेनमधल्या सांतियागोच्या वारीचा एक मुख्य मार्ग आजही इथून निघतो. गर्दी मावेना म्हणून आर्तो नावाच्या मठाधिपतीने १०९६ मध्ये नवे बांधकाम काढले. त्याच्या खर्चाचा भार गावावर पडला आणि ११०६ मध्ये गावकऱ्यांच्या उठावात आर्तोचा खून झाला. पुढे जुलै ११२० मध्ये, मॅग्डलीनच्या सणाच्या आदल्या रात्री, चर्चला आग लागली. हजाराहून जास्त यात्रेकरू त्यात दगावल्याची नोंद आहे. आज दिसणारी नेव्ह त्या आगीनंतरची. ११४६ च्या ईस्टरला संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती इथेच. पण चर्चमध्ये नव्हे, गर्दी आत मावणार नव्हती म्हणून टेकडीच्या उतारावर. लेखात हा प्रसंग चर्चच्या आत घडल्याचे लिहिले आहे, तेही जाता जाता दुरुस्त करावे.

आता छताकडे. लेखात त्याला एक ओळही मिळालेली नाही, आणि व्हेझलेला जाऊन पाहायचे ते तर छतच.

दगडी छत घालण्याचा सोपा मार्ग म्हणजे पिंप उभे चिरून आडवे ठेवल्यासारखे अर्धगोल लांबट छत. ते मजबूत असते, पण त्याचा बाहेरचा रेटा भिंतीच्या पूर्ण लांबीवर सारखा पडतो. भिंत वरपर्यंत जाड आणि सलग ठेवावी लागते. छताखाली मोठ्या खिडक्या काढल्या तर नेमकी रेटा घेणारी जागाच पोकळ होते. म्हणून अशी चर्चे आतून अंधारी असतात. व्हेझलेच्या सूत्रधाराला उजेड हवा होता. त्याने नेव्हची दहा खणांत विभागणी केली आणि प्रत्येक खणावर दोन पिंपाकार छते काटकोनात एकमेकांना छेदतील असे छत घातले. याला ग्रॉइन व्हॉल्ट म्हणतात. त्याचा फायदा असा की वजन आणि रेटा खणाच्या चार कोपऱ्यांत गोळा होतो, मधली भिंत मोकळी राहते. तिथे त्याने खिडक्या काढल्या. अध्येमध्ये गॅलरीचा मजलाही ठेवला नाही. खाली कमानींची रांग, वर लगेच खिडक्या, जमिनीपासून छत सुमारे १८ मीटरवर. दोन खणांच्या मध्ये आडवी कमान, तिचे दगड एक फिकट आणि एक गडद असे आलटून-पालटून. ६२ मीटर लांबीच्या नेव्हमध्ये असे पट्टे एकामागे एक लागतात तेव्हा नजर आपोआप वेदीकडे ओढली जाते.

कल्पना अचूक होती. चूक झाली ती बाहेरच्या आधारात. चार कोपऱ्यांत गोळा केलेला रेटा कुणीतरी घ्यायला हवा. त्या जागी भिंतीला बाहेरून जे टेकू होते ते उथळ होते आणि बाजूच्या पाखांची छपरे फार खाली राहिली. वरच्या भिंतीचा बराच भाग कोणत्याही आधाराशिवाय उघडा होता. अर्ध्या कमानीने दुरून भिंतीला दाबून धरणारा फ्लाइंग बट्रेस हा उपाय नंतर रुळला. नेव्ह बांधली गेली तेव्हा तो इथे नव्हता.

अशा वेळी काय होते ते गवंडीकामातल्या कुणालाही समजेल. अर्धगोल कमान स्वतःचे वजन पेलून उभी राहायची तर तिची जाडी त्रिज्येच्या एक-दशांशाहून थोडी जास्त तरी लागते. त्रिज्या ५ मीटर असेल तर ५४ सेंटिमीटरच्या आसपास. पण हा हिशेब भिंती हलणार नाहीत असे धरून आहे. भिंत बाहेर सरकू लागली की कमानीचा पल्ला वाढतो आणि तिचा माथा खाली बसतो. माथ्याला आतल्या बाजूने सांधे उघडतात, खांद्यांजवळ बाहेरच्या बाजूने. कमान चपटी झाली की रेटा आणखी वाढतो, भिंत आणखी सरकते. हे दुष्टचक्र सावकाश चालते, शतके घेते. भेगांतून पाणी शिरले की वेग वाढतो, कारण चुना धुपून जातो आणि हिवाळ्यात आत गोठलेले पाणी सांधे रुंदावते. शिवाय रोमनेस्क भिंतींत बांधणीसाठी आडव्या लाकडी तुळया गाडत. त्या कुजल्या की भिंतीच्या पोटात पोकळी राहते, आणि बाहेरून काही कळतही नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे, म्हणजे याच चर्चच्या आगेमागचे. तिथे खांब-तुळई आणि एकावर एक पुढे काढत नेलेले थर, म्हणजे भार जवळपास सरळ खाली जातो. म्हणून आपल्याकडे देवळांची पाहणी करणारा माणूस तुळईला तडा गेला का ते बघतो. व्हेझलेत तुळई शोधून काही हाती लागत नाही. तिथे ओळंबा सोडून भिंत किती कलली ते बघावे लागते.

मध्ययुगातच कधीतरी फ्लाइंग बट्रेस जोडले गेले, पण ते पुरेसे ठरले नाहीत. त्यात मठाचे नशीब फिरले. १२७९ मध्ये प्रोव्हान्समधल्या सँ माक्सिमँ इथे मॅग्डलीनच्या ‘खऱ्या’ अस्थी सापडल्याचा दावा झाला आणि पोपची मान्यताही तिकडे गेली. व्हेझलेची यात्रा ओसरली. माझ्या मते याचा एक फायदा झाला. पैसा येत राहिला असता तर कॉयरसारखी नेव्हही पाडून गॉथिक केली गेली असती. तोटा उघड आहे, देखभाल बंद पडली. १५६९ मध्ये ह्युगेनॉटांनी, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांनी, लूट केली, फ्रेंच क्रांतीच्या काळात दर्शनी भागावरची शिल्पे फोडली गेली, १८१९ मध्ये एका मनोऱ्यावर वीज पडली.

१८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक म्हणून प्रॉस्पेर मेरिमे इथे आला तेव्हा भिंती बाहेर फुगलेल्या, तडकलेल्या आणि ओलीने सडलेल्या होत्या. आत बसून रेखाटन करताना छतातून बारीक दगड गळत असल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे. १८४० मध्ये दुरुस्तीचे काम एझेन व्हिऑले-ल-द्यूक या वास्तुकाराकडे सोपवले गेले. त्याचे वय तेव्हा २६. एवढे मोठे काम त्याने पूर्वी केलेले नव्हते. काम १८५९ पर्यंत चालले.

अशा कामात क्रम चुकला की इमारत अंगावर येते. आधी आडव्या कमानींखाली लाकडी सेंटरिंग लावून त्या धरून ठेवायच्या. छपरातून येणारे पाणी आणि अनावश्यक भार कमी करायचा. मग बाहेरचे बट्रेस नव्याने बांधायचे, तेही समोरासमोरची जोडी बरोबरीने. एकच बाजू आवळली तर इमारत दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. हे झाल्यावरच छताला हात लावायचा. एक खण उतरवताना शेजारच्या खणांना टेकू हवाच, कारण प्रत्येक खण शेजाऱ्याला रेटून उभा असतो. मधला काढला की बाकीचे त्या रिकाम्या जागेकडे झुकतात. चुना मुरायला वेळ देऊन मगच सेंटरिंग उतरवायचे, तेही एकदम नाही, पाचरी थोड्या थोड्या सैल करत. कमान तेव्हा थोडी बसतेच. किती बसणार याचा अंदाज आधी बांधलेला असावा लागतो.

व्हिऑले-ल-द्यूकने नेव्हचे फ्लाइंग बट्रेस पुन्हा बांधले, मोडकळीला आलेल्या कमानी आणि छताचे खण नव्याने घातले. बाहेरून आज जे बट्रेस दिसतात ते त्याचे आहेत, बाराव्या शतकाचे नाहीत. नेव्हच्या काही खणांवर नंतरच्या काळात गॉथिक पद्धतीचे छत आले होते. ते उतरवून त्याने तिथे पुन्हा रोमनेस्क धर्तीचे छत घातले. यावर अभ्यासकांत आजवर वाद आहे. मध्ययुगातली एक खरी दुरुस्ती पुसून तिच्या जागी जुन्यासारखे दिसणारे नवे काम करणे योग्य होते का? माझे मत विचाराल तर, बट्रेससाठी त्याला पूर्ण गुण, छताचे ते खण बदलल्याबद्दल नाहीत. त्यामागे पडझडीच्या भीतीबरोबर एकसारखेपणाची हौसही होती. पण तो आला नसता तर वाद घालायला छत उरले नसते, हेही तितकेच खरे. ‘जसेच्या तसे उभे’ हे शब्द मात्र या इमारतीला अजिबात लावता येत नाहीत.

आता छायाचित्राबद्दल. दर्शनी मधल्या दारावरच्या अर्धगोलात, ज्याला टिंपॅनम म्हणतात, अंतिम न्यायाचा देखावा आहे. तो एकोणिसाव्या शतकात, या दुरुस्तीच्या वेळी नव्याने कोरलेला आहे. जुना फुटला होता. बाराव्या शतकातले अस्सल टिंपॅनम पाहायचे तर ते दार ओलांडून नार्थेक्समध्ये जायचे आणि समोरच्या, म्हणजे नेव्हमध्ये उघडणाऱ्या मधल्या दाराच्या वर बघायचे. नार्थेक्सच्या छपराखाली असल्यामुळे ऊन-पाऊस त्याला लागला नाही. मधोमध मोठा ख्रिस्त, त्याच्या हातांतून निघणारे किरण दोन्हीकडच्या शिष्यांपर्यंत पोहोचतात. काही शिष्यांची डोकी गेली आहेत. ख्रिस्ताच्या झग्याला गुडघ्याशी आणि कमरेशी भोवऱ्यासारख्या गोल चुण्या आहेत, दगडात वारा शिरल्यासारख्या. खालच्या पट्टीवर जगाच्या टोकाला राहणारी माणसे आहेत, मध्ययुगीन युरोपाला ती जशी ऐकून माहीत होती तशी. उजव्या टोकाकडे अंगाभोवती गुंडाळता येतील एवढ्या मोठ्या कानांचे लोक, आणि घोड्यावर चढायला शिडी लावणारा बुटका. वरच्या चौकटींत कुत्र्याच्या तोंडाची माणसेही आहेत. बाहेरच्या वर्तुळात राशी आणि बारा महिन्यांची शेतीची कामे. दुर्बीण न्यावी, नुसत्या डोळ्यांना निम्मे दिसत नाही.

नेव्हमधल्या खांबांच्या माथ्यांवर शंभराच्या आसपास कोरीव शिल्पे आहेत. वेळ कमी असेल तर दक्षिणेकडच्या रांगेतले ‘गिरणी’चे शिल्प चुकवू नये. एक माणूस वरून पोत्यातले धान्य ओततो आहे, खाली दुसरा वाकून दोन्ही हातांनी पिठाचे पोते धरून बसला आहे, मध्ये गिरणीचे चाक. ओतणारा मोझेस, पीठ गोळा करणारा संत पॉल, आणि चाकाच्या आऱ्यांचा क्रूस झालेला. जुन्या करारातले धान्य ख्रिस्ताच्या गिरणीतून दळून नव्या कराराचे पीठ होते, असा अर्थ. ओतणाऱ्याच्या पाठीचा बाक आणि पोत्याचे वजन शिल्पकाराने बरोबर पकडले आहे. जात्यावर किंवा गिरणीत वावरलेल्या माणसाला ते लगेच पटते. दुरुस्तीच्या वेळी फार झिजलेली काही शिल्पे उतरवून त्यांच्या जागी नकला बसवल्या. मूळ दगड शेजारच्या जुन्या मठात मांडले आहेत. कडा फार धारदार आणि पृष्ठभाग एकसारखा दिसला तर ती नक्कल असण्याचा संभव अधिक.

लेखात २१ जूनच्या ‘चमत्कारा’वर मोठा परिच्छेद आहे. उन्हाळ्याच्या त्या दिवशी भर माध्यान्ही दक्षिणेकडच्या वरच्या खिडक्यांतून आलेल्या उन्हाचे चौकोन नेव्हच्या जमिनीवर नेमके मध्यरेषेत, रांगेने पडतात, हे खरे आहे, आणि दृश्य सुंदर असते. त्यामागचे गणित मात्र साधे आहे. व्हेझले साधारण साडेसत्तेचाळीस उत्तर अक्षांशावर. त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६६ अंशांवर असतो. एवढ्या उभ्या कोनातून येणारे ऊन खिडकीच्या उंचीच्या जेमतेम ४५ टक्के अंतर आत जाते. खिडकी ११ मीटरवर असेल तर पाच मीटर, म्हणजे सुमारे नेव्हच्या मध्यापर्यंत. डिसेंबरच्या २१ ला हाच कोन १९ अंश असतो, तेव्हा ऊन जमिनीला लागतच नाही, समोरच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, खांबांच्या माथ्यांच्या उंचीला पडते. चर्च पूर्व-पश्चिम असल्यामुळे माध्यान्हीचे चौकोन एका रांगेत पडणार हे ओघानेच आले. रांग बरोबर मधोमध यावी म्हणून सूत्रधाराने उंची-रुंदीचे प्रमाण मुद्दाम ठरवले का, याचा लेखी पुरावा नाही. मला ते अशक्य वाटत नाही. सूर्य पाहून चर्चची दिशा आखणाऱ्याला एवढे कळत असणारच.

लेखात त्यासाठी ‘दुपारी ठीक बाराला’ पोहोचा असे सांगितले आहे, ते मात्र कृपया दुरुस्त करून छापा. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे असते आणि व्हेझले ग्रिनिचच्या पूर्वेला पावणेचार अंशांवर आहे. तिथे त्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात पावणेदोनच्या सुमारास. बाराला गेलेल्याला ते चौकोन मध्यरेषेवर आलेले दिसणार नाहीत, आणि जवळच्या सेर्मिझेल स्टेशनपर्यंत दहा किलोमीटर जाऊन परतीची गाडी पकडायची घाई असेल तर तो ते न बघताच निघून जाईल.

आपला,
एक वाचक
(जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामातला), पुणे